काळी माती आणि काळें डांबर

रस्त्यांचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे फारशी चाल नाहीं. कोणता राजा कोणत्या वाटेनें चालून आला हें बखरकार सांगतात. ती वाट कशाची होती, पावसाळ्यांत तिचें काय होत असे आणि ती दुरुस्त कोण करीत असे, हें विचारावें असें मात्र सहसा कोणास वाटत नाहीं. वास्तविक ज्या नागपूर-वऱ्हाडच्या मुलखांत आम्ही राहतों, तेथील शेतकऱ्याच्या नशिबाचा निम्मा निवाडा या वाटेनेंच केलेला आहे. म्हणून या लेखांत आम्ही एका अगदीं क्षुद्र समजल्या जाणाऱ्या पदार्थाचा, म्हणजे डांबराचा, मागोवा घेण्याचें योजिलें आहे.

विदर्भाची काळी माती कापसाला जितकी मानवते, तितकीच ती चाकाला वैरीण आहे. उन्हाळ्यांत तिला खोल भेगा पडतात. मृगाच्या सरी आल्या कीं तीच माती फुगते, चिकटते आणि गाडीच्या आंसापर्यंत चिखल चढतो. १८६७ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपुरास पोंचली व १८७७ सालीं जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल येथें सुरू झाली. नागपूरचा कापूस दूरच्या बाजारांशीं जोडला गेला; परंतु शेत आणि स्टेशन यांच्यामधील पांच-दहा कोस होते तसेच राहिले. कापूस वेचला जातो तो पाऊस सरल्यावर, तेव्हां वाट कोरडी असते हें खरें. पण पावसांत पडलेल्या चाकोऱ्या तोंवर वाळून दगडासारख्या झालेल्या असतात. आणि पावसाचे चार महिने तर गांव म्हणजे बेटच. त्या दिवसांत कोणी आजारी पडलें, किंवा कोणा बाईची वेळ आली, तर तालुक्याचा डॉक्टर असून नसल्यासारखा.

यावर जुना इलाज म्हणजे खडी-मुरुमाची पक्की सडक. दगड बारीक फोडून पसरावा, फटींत मुरूम भरावा, पाणी शिंपडावें आणि वरून रूळ फिरवावा. स्कॉटलंडच्या जॉन मॅकॅडम यानें रूढ केलेल्या पद्धतीचाच हा पुढील अवतार होय. बैलगाडीची लोखंडी धाव या सडकेला झिजवीत असे खरी, परंतु झिजून निघालेली भुकटी पुन्हां खडीच्या फटींत जाऊन बसे. मोटार आली आणि हा हिशेब मोडला. वेगानें फिरणारें रबरी चाक फटींतील बारीक माती ओढून हवेंत उधळूं लागलें. धूळ गेली कीं खडी सुटते, आणि खडी सुटली कीं सडक गेली. खडीला धरून ठेवील, पाणी आंत जाऊं देणार नाहीं, असें कांहीं तरी हवें होतें.

हा प्रश्न एका प्रांताचा राहिला नव्हता. १९२७ सालीं हिंदुस्थान सरकारनें बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. रस्ते हा लोकल बोर्डांच्या व प्रांतांच्या शक्तीबाहेरचा विषय होत असून तो अखिल देशाच्या हिताचा आहे, असा निर्वाळा तिनें १९२८ सालीं दिला. त्याचें फळ म्हणून १९२९ सालीं मध्यवर्ती रस्ते निधि स्थापन झाला. त्यासाठीं पेट्रोलवर दर गॅलनमागें दोन आण्यांचा जादा कर बसविण्यांत आला. पुढें १९३४ सालीं इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था उभी राहिली.

आतां डांबराकडे वळूं. मराठींत या एका शब्दानें आपण दोन वेगळ्या वस्तूंची ओळख सांगतों. दगडी कोळसा बंद भट्टींत तापविला असतां निघतें तें एक डांबर. कपड्यांच्या पेटींत ठेवावयाच्या डांबराच्या गोळ्यांचें मूळ तेंच. दुसरें खनिज तेलाच्या कुळांतलें. त्याला इंग्रजींत बिटुमेन म्हणतात आणि आज सडकेवर पडतें तें बहुधा हेंच. संस्कृत कोशकारांनीं शिलाजतूचा अर्थ बिटुमेन असा दिलेला आढळतो. परंतु वैद्याचें शिलाजित आणि हें डांबर यांचा रासायनिक दृष्ट्या निकटचा संबंध नाहीं. दिसण्यांतील साम्यानें नांवांचा असा घोटाळा इतरत्रही झालेला आहे. इजिप्तच्या मम्मीला तें नांव मिळालें तें ‘मूमिया’ या, डांबराला असलेल्या, शब्दावरून.

पदार्थ मात्र फार प्राचीन. मोहेंजोदडो येथील मोठ्या स्नानकुंडाच्या भिंतींमागें पाणी झिरपूं नये म्हणून सुमारें इंचभर जाडीचा डांबराचा थर दिलेला आहे. युफ्रेटिस नदीकाठीं हीत या गांवीं डांबराचे झरे आहेत. बाबिलोनच्या विटा जोडावयास तेथील डांबर वापरीत, असें हिरोडोटसनें नमूद केलें आहे. अशा ठिकाणीं निसर्ग स्वतःच डांबर वर आणून देतो, माणसानें तें उचलावयाचें एवढेंच. पण जेथें डांबर वाळूंत मुरून बसलें आहे, तेथें तें काढावें कसें? हा प्रश्न कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतांत दीडशें वर्षें पडून होता.

तेथें अथाबास्का नदीच्या कांठीं काळ्या चिकट वाळूचे कडेच्या कडे उभे आहेत. तेथील आदिवासी लोक हें डांबर झाडाच्या राळेंत मिसळून आपल्या होड्यांच्या सांध्यांना लावीत. अलेक्झांडर मॅकेंझी या प्रवाशानें अठराव्या शतकाच्या अखेरीस याची नोंद केली. १९१३ पासून सिडनी एल्स या सरकारी अभियंत्यानें या वाळूचा अभ्यास आरंभिला आणि १९१५ सालीं एडमंटन शहरांत तीच वाळू रस्त्यावर अंथरून पाहिली. रस्ता टिकला, परंतु रेतीचें एवढें ओझें शेंकडों मैल वाहून नेणें परवडेना. म्हणजे वाळू तेथेंच टाकून डांबर तेवढें आणतां आलें पाहिजे.

तें ज्यानें साधिलें त्या कार्ल क्लार्कचें मूळ काम रस्त्यांचेंच होतें, हें आमच्या वाचकांस मौजेचें वाटेल. पश्चिम कॅनडाच्या मैदानांतील चिकणमातीचे रस्ते पावसांत आपल्या काळ्या मातीसारखेच गाड्या गिळीत. त्यांवर डांबराचा उपाय शोधतांना तो या वाळूकडे वळला. १९२० सालीं तो अल्बर्टा विद्यापीठांत आला. त्याच्या युक्तीचें मर्म एका लहानशा गोष्टींत आहे. या वाळूच्या प्रत्येक कणाभोंवतीं आधीं पाण्याचें अत्यंत पातळ वेष्टण असतें आणि त्याच्या बाहेर डांबर. डांबर कणाला थेट चिकटलेलें नसल्यामुळें तें सोडवितां येतें. वाळू गरम पाण्यांत घालून घुसळावी, त्यांत थोडा कॉस्टिक सोडा टाकावा. डांबर सुटें होतें, त्याचे थेंब हवेच्या बुडबुड्यांना बिलगून फेंसाच्या रूपानें वर येतात आणि वाळू तळाशीं बसते. ताक घुसळून लोणी वर काढणाऱ्या आपल्या गृहिणीस ही रीत समजावून द्यावयास नको. हा फेंस मग पातळ तेलांत विरघळवून त्यांतील पाणी व माती निराळी करितात. १९२९ सालीं क्लार्कला या पद्धतीचें पेटंट मिळालें.

युक्ति सांपडली तरी धंदा उभा राहावयास आणखी चार दशकें लागलीं. एक पिंप तेलासाठीं सुमारें दोन टन वाळू खणावी लागते. कारण वजनानें तींत डांबर साधारण दहावा हिस्सा. मोठ्या प्रमाणावरील पहिला कारखाना सप्टेंबर १९६७ मध्यें सुरू झाला. क्लार्क त्याआधीं कांहीं महिने, डिसेंबर १९६६ मध्यें, वारला होता. शिवाय ही रीत वरच्या वाळूपुरतीच. बहुतेक डांबर इतकें खोल आहे कीं तेथें खाण खणणें शक्य नाहीं. त्यासाठीं रॉजर बटलर या अभियंत्यानें दुसरा मार्ग काढिला. जमिनींत एकावर एक अशा दोन आडव्या नळ्या घालावयाच्या, त्यांत अंतर सुमारें पांच मीटरांचें. वरच्या नळींतून वाफ सोडली कीं डांबर पातळ होऊन खालच्या नळींत ओघळतें आणि तेथून वर उपसून घेतां येतें.

याची किंमतही सांगितली पाहिजे. धुतलेल्या वाळूबरोबर जें गढूळ पाणी उरतें, त्यांतील बारीक चिकणमाती वर्षानुवर्षें खालीं बसत नाहीं. त्याचीं विस्तीर्ण तळीं तेथें झालीं आहेत. २००८ सालीं अशा एका तळ्यावर उतरलेलीं सुमारें १,६०० बदकें मेलीं. ज्यांचे पूर्वज याच डांबरानें होड्या सांधीत, त्या लोकांनाच आपल्या नदीच्या पाण्याची धास्ती लागली आहे.

आपल्याकडचें डांबर अशा खटाटोपानें येत नाहीं. १९५४ व १९५५ सालीं मुंबईजवळ तुर्भे येथें दोन तेलशुद्धि कारखाने निघाले. कच्चें तेल तापवून त्यांतून पेट्रोल, रॉकेल, डिझेल क्रमानें उडून गेल्यावर तळाशीं जो जड, काळा गाळ राहतो, त्यापासून आपलें डांबर होतें. पेट्रोलवरच्या करानें रस्ता बांधावयाचा आणि पेट्रोलच्याच उरल्या गाळानें तो माखावयाचा, असा हा योग आहे.

पण डांबर कोठें घालावयाचें, हें डांबर ठरवीत नाहीं. तें ठरविण्याचा पहिला मोठा प्रयत्न आमच्या नागपुरांत झाला. डिसेंबर १९४३ मध्यें सर्व प्रांतांचे व संस्थानांचे मुख्य अभियंते येथें जमले आणि त्यांनीं वीस वर्षांची योजना आखिली. जगांत युद्ध पेटलेलें होतें, त्याच वर्षीं बंगालमध्यें दुष्काळानें लक्षावधि माणसें मेलीं होतीं. अशा वेळीं ही मंडळी खेड्याच्या वाटेचा हिशेब मांडीत होती. राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्ह्याच्या व ग्रामीण सडका अशी वर्गवारी त्यांनीं केली. दर शंभर चौरस किलोमीटरमागें सोळा किलोमीटर रस्ता असावा असें मान ठरविलें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, लागवडीच्या मुलखांत कोणतेंही खेडें मुख्य रस्त्यापासून पांच मैलांहून दूर राहूं नये, असा दंडक घातला. ‘नागपूर योजना’ या नांवानें ती प्रसिद्ध आहे.

लांबीपुरतें पाहिलें तर १९६१ च्या सुमारास हें उद्दिष्ट गांठलें गेलें. मात्र त्या लांबीचा फार मोठा भाग कच्चाच होता. राष्ट्रीय मार्गांचा भार मध्यवर्ती सरकारनें १९४७ पासून उचलला. खेड्यांच्या सडकांना तसा धनी मिळावयास २००० सालची प्रधानमंत्री ग्राम सडक योजना यावी लागली. पंगतींत पहिलें पान महामार्गाचें आणि शेवटचें खेड्याचें, असा हा क्रम झाला.

आज नागपुरांतील अनेक डांबरी रस्त्यांवर सिमेंट चढलें आहे. मुंबईपर्यंतचा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग जून २०२५ मध्यें पूर्ण झाला. त्याचा वेग पाहून कोणासही अभिमान वाटेल. परंतु त्यावर चढावयाचें तें ठराविक ठिकाणींच. कडेच्या शेतांतून बैलगाडी त्यावर येऊं शकत नाहीं, येऊंही नये. म्हणून अशा मार्गाच्या लांबीवरून मुलखाची समृद्धि मोजूं नये. तिचें माप १९४३ सालीं येथेंच घालून दिलेलें आहे. श्रावणांतल्या झडींत, शेवटच्या खेड्यांतून निघालेल्या आजारी माणसाला किती मैल चिखल तुडवावा लागतो, हें तें माप. वाळूंतून डांबर वेगळें करण्याची विद्या माणसानें साधिली. काळ्या मातींतून हें खेडें सोडविण्याचें काम त्याहून अवघड खासच नाहीं.