मोऱ्याच्या पलीकडचा नायक

‘मॅड मॅक्स’ (1979) किंवा ‘एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क’ (1981) यांतला कायदा झुगारणारा नायक आपलासा वाटतो, कारण तिथे व्यवस्थेनेच विश्वास गमावलेला असतो. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मोरा बंदरात उतरणाऱ्या उरणकरांना हे नवे नाही. 1970 मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको आली, जमिनी गेल्या, आंदोलन पेटले. जानेवारी 1984 मध्ये आंदोलकांवरच्या पोलीस गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. सरकारच्या लेखी आंदोलक गुन्हेगार, गावाच्या लेखी वीर! पडद्यावरचा असा नायक हिंसेचे उदात्तीकरण करतो, हा आक्षेप रास्तच आहे. पण उरणचे नेते दि. बा. पाटील वकील होते, निवडून आलेले लोकप्रतिनिधी होते. संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंडांचा हक्क शेतकऱ्यांनी संघटित लढ्यानेच मिळवला. पडद्यावरच्या एकट्या बंडखोराला ते जमत नाही.