बॉम्बर विमानातला रेडिओ आणि त्याची वीज

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-17, बी-24 या बॉम्बर विमानांत बीसी-348 नावाचा रिसीव्हर असे. विमानातली वीज 28 व्होल्ट डीसी, पण व्हॉल्व्हच्या प्लेटला लागत 200 हून जास्त व्होल्ट. ही सोय डायनामोटर करी. मोटर आणि जनरेटर एकाच आर्मेचरवर. व्हॉल्व्हचे फिलामेंटही 28 व्होल्टवर पेटावेत अशा बेताने गटागटाने जोडलेले होते.

युद्ध संपले आणि हे सेट स्वस्तात बाजारात आले. हौशी मंडळींनी घोंघावणारा डायनामोटर उपटला, तिथे ट्रान्सफॉर्मर बसवला, फिलामेंटची जोडणी बदलून 6.3 व्होल्टवर आणली. त्यांना दोष कसा द्यावा? त्यांना रेडिओ ऐकायचा होता, संग्रहालय उभारायचे नव्हते. पण त्या जोडणीतच हा सेट विमानाचा असल्याची खूण होती, आणि ती पुसली गेली.

म्हणून मूळ अवस्थेतला सेट हाती आला, तर आतली एकही तार कापू नये. वीजपुरवठ्याचा डबा बाहेर ठेवावा: फिलामेंटसाठी 28 व्होल्ट, प्लेटसाठी सुमारे 220 व्होल्ट डीसी. डायनामोटरच्या तारा जिथे जोडलेल्या होत्या तिथेच या जोडाव्यात, चॅसीला नवे भोक पाडू नये. जुने कागदी कंडेन्सर आधी तपासावेत; गळके असतील तर पूर्ण दाब देताच आणखी भाग जळतात. शिवाय 220 व्होल्ट डीसी माणसाचा जीवही घेऊ शकते. कंडेन्सर बदलावाच लागला, तर जुना फेकू नये. चिठ्ठी लावून डायनामोटरसोबत सेटजवळच ठेवावा.