तबकडीवरची कामिनी

1949 साली ‘महल’च्या गाण्यांच्या एचएमव्ही तबकड्या विक्रीला आल्या. ‘आयेगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापलं होतं : कामिनी. गायल्या होत्या लता मंगेशकर, वय जेमतेम वीस. पडद्यावर ओठ हलवणारी मधुबाला तर सोळाचीच.

कामिनी हे चित्रपटातल्या पात्राचं नाव, एवढं सांगून बहुतेक जण पुढे जातात. चित्रपट नीट पाहिला तर प्रकरण आणखी गमतीचं आहे. कथेतली कामिनी केव्हाच मेलेली आहे. हवेलीत रात्री गात फिरते ती माळ्याची मुलगी आशा, कामिनीचं भूत असल्याचं सोंग घेऊन. म्हणजे गाण्याचं श्रेय गायिकेला नाही, नटीला नाही, गाणाऱ्या पात्रालाही नाही. ते गेलं खोट्या भुताला!

यात कुणाचा कावा होता असं मला वाटत नाही. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 1935 मध्ये ‘धूपछाँव’पासून पार्श्वगायन रूढ केलं. त्याआधी कॅमेऱ्यासमोर उभी असलेली नटी स्वतःच गायची, त्यामुळे पडद्यावरचा चेहरा आणि तबकडीवरचा आवाज एकाच बाईचा. पुढे गळा वेगळा झाला, पण चेहऱ्याला आवाज चिकटवायची सवय सुटली नाही, असा माझा कयास आहे.

मुंबईच्या स्टुडिओत कोण गातं, हे बाहेरगावच्या श्रोत्याला कळणार कसं? तबकडीवर छापलेलं किंवा रेडिओवर सांगितलेलं नाव, तेच खरं मानायचं.

ध्वनिमुद्रणाची हकीकत लताबाईंनी पुढे मुलाखतींतून सांगितली आहे. आवाज लांबून येतोय असं वाटायला हवं होतं. मग मायक्रोफोन खोलीच्या मधोमध ठेवला, त्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि सुरुवातीच्या ओळी गात हळूहळू त्याच्याकडे चालत आल्या. अनेक वर्षांनी सांगितलेली आठवण जपूनच घ्यावी लागते. पण इथे गाणंच साक्षीला आहे. ठेका सुरू होण्याआधीचा भाग कान देऊन ऐका, आवाज खरोखरच दुरून जवळ येतो.

नाव बाहेर आलं त्याची हकीकतही त्यांचीच. गाणं वाजलं की ही बाई कोण, अशी विचारणा रेडिओकडे होऊ लागली. रेडिओने रेकॉर्ड कंपनीला विचारलं आणि मग नाव जाहीर झालं. चित्रपटाच्या धंद्याने ते आपणहून दिलं नव्हतं, श्रोत्यांनी ते मागून घेतलं. ही वाहवा फार दिवस पाहायला हे गाणं बांधणारे खेमचंद प्रकाश राहिले नाहीत, ते ऑगस्ट 1950 मध्येच वारले.

मानसन्मानाचा हिशेब मात्र रखडलाच. फिल्मफेअर पारितोषिकं 1954 मध्ये सुरू झाली, त्यांत संगीतकाराला जागा होती, गायकाला नव्हती. 1957 मध्ये ‘चोरी चोरी’साठी शंकर-जयकिशन यांना पारितोषिक मिळालं, तेव्हा त्या समारंभात गायला लताबाईंनी साफ नकार दिला. पारितोषिक संगीताला आहे ना, मग नुसतं संगीतच वाजवा, असा त्यांचा मुद्दा होता. 1959 मध्ये पार्श्वगायनाचा विभाग निघाला आणि पहिलं पारितोषिक ‘मधुमती’तल्या गाण्यासाठी त्यांनाच मिळालं. तरी गायक-गायिका मिळून पारितोषिक एकच होतं. दोघांना स्वतंत्र विभाग मिळायला 1968 उजाडलं.