आव्हिलाच्या तेरेसेचा गुरुशोध

गुरू म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शरण गेलेला शिष्य उभा राहतो. शरण जाण्यापूर्वी त्याने किती दारे ठोठावली, कोठे तो फसला, हे सहसा कोणी विचारीत नाही. सोळाव्या शतकात स्पेनमधील एका जोगिणीने हा सारा हिशेब आपल्या आत्मचरित्रात मांडून ठेवला आहे. आज तिच्याविषयी बोलावयाचे आहे.

कॅथलिक पंथात पुरोहितापुढे पापनिवेदन करावे लागते. पाप ऐकून क्षमा देणे हे पुरोहिताचे एक काम. प्रार्थनेच्या वाटेवरील माणसाला पुढचे पाऊल कोठे टाकावे हे सांगणे दुसरे, आणि ते पहिल्याहून पुष्कळ अवघड. ही दोन्ही कामे बहुधा एकाच माणसाकडे येत, आणि घोटाळा तेथेच होई.

तेरेसा १५१५ साली जन्मली व १५३५ साली आव्हिला येथील मठात दाखल झाली. पुढे चुलत्याने दिलेल्या एका पुस्तकावरून ती मन आत वळवून प्रार्थना करू लागली. पण आपली अवस्था समजेल असा मार्गदर्शक त्यानंतर वीस वर्षे मिळाला नाही, असे ती सांगते. अर्धवट शिकलेल्या पुरोहितांनी आपले फार नुकसान केले, ही तिची तक्रार आहे. गंभीर दोषाला ते किरकोळ म्हणत, आणि तिचा त्यावर विश्वास बसे. अगदीच अडाणी पुरोहित त्यापेक्षा बरे, कारण ते निदान दुसऱ्या कोणाला तरी विचारीत!

१५५४ च्या सुमारास तिला विलक्षण अनुभव येऊ लागले. हा काळ अशा अनुभवांना अनुकूल नव्हता. कोर्दोबाची एक मठाध्यक्षा, मॅग्दालेना दे ला क्रूझ, साध्वी म्हणून देशभर गाजली होती. १५४६ साली इन्क्विझिशनने तिला सैतानाशी संगनमत केल्याबद्दल शिक्षा ठोठावली. तेरेसेला भीती वाटली ती ह्यामुळेच. तिने फ्रान्सिस्को दे साल्सेदो ह्या धार्मिक गृहस्थाकडे व गास्पार दासा ह्या पुरोहिताकडे आपले मन उघड केले. एका पुस्तकात आपल्या अवस्थेशी जुळणाऱ्या ओळींखाली रेघा मारून तेही दिले. दोघेही सज्जन होते. त्यांनी निर्णय दिला की, हे सैतानाचे काम आहे.

त्यांच्याच सल्ल्याने ती येशूसंघाच्या एका पुरोहिताकडे गेली. दिएगो दे सेतिना हे वयाने अगदी तरुण. त्यांनी सांगितले, हे ईश्वराचेच आहे, प्रार्थना सोडू नकोस. परंतु थोड्याच महिन्यांत त्यांची बदली झाली. पुढे बाल्तासार आल्वारेस आले. तेही तरुण, भले, पण लोकांच्या बोलण्याने बिचकणारे. मधल्या काळात एका पुरोहिताने तर, ख्रिस्ताचे दर्शन झाले की त्याच्याकडे अंगठा बोटांत खुपसून तुच्छतेची खूण कर, अशी आज्ञा केली. तिने रडत ती पाळली. पुढे दोमिंगो बान्येस ह्या थोर डॉमिनिकन पंडितांनी ही रीत चुकीची ठरविली: प्रभूचे चित्र कोणी का काढलेले असेना, त्याचा मान राखलाच पाहिजे. १५६० साली आल्कान्ताराचे पेद्रो हे कडक वैराग्याचे फ्रान्सिस्कन संन्यासी आव्हिलास आले. स्वतः त्या वाटेने गेलेला माणूस प्रथमच भेटला, आणि तिचा जीव खाली पडला.

तेरेसा आज्ञा मोडीत नाही, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. पण एकाच्या शब्दावर ती कधी थांबलीही नाही. आज्ञा पाळावयाची आणि दुसऱ्या जाणत्याला विचारावयाचे, ही तिची रीत. मला ती बंडखोरीहून अधिक धीराची वाटते. मार्गदर्शकाच्या अंगी शहाणपण, अनुभव व विद्या हवी. तिन्ही एकत्र न मिळाल्यास पहिली दोन पाहावीत, विद्वानांना वेगळे विचारता येते, असे तिने लिहिले. १५६२ साली तिने आव्हिलास सान होसे हा मठ स्थापिला, तेव्हा तेथील जोगिणींसाठी लिहिलेल्या पुस्तकात, नेहमीच्या पुरोहिताखेरीज इतरांशीही बोलण्याची मोकळीक त्यांना मिळावी, असा तिचा आग्रह आहे. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेनेही जोगिणींना वर्षातून दोनतीनदा दुसरा पुरोहित मिळावा असे ठरविले. मठाच्या बंद दारामागे एकाच माणसाच्या हाती मन सोपविणे किती धोक्याचे, हे तेरेसेला पुस्तकांवरून कळलेले नव्हते.

१५७५ साली बेआस येथे तिला हेरोनिमो ग्रासियान भेटले. ती साठ वर्षांची, ते तिशीचे. ह्यांची आज्ञा पाळीन असे व्रत तिने घेतले, आणि त्याच ग्रासियानांना ती पत्रांतून आईसारखी सावधगिरीचे उपदेशही करीत राहिली. त्याच वर्षी तिच्या आत्मचरित्राचे हस्तलिखित इन्क्विझिशनकडे गेले. बान्येस ह्यांनी ते तपासून तिच्या बाजूने मत दिले, मात्र पुस्तक सर्वांच्या हाती देऊ नये असेही लिहिले. १५८२ साली ती वारली, तोवर ते परत मिळालेले नव्हते. १५८८ साली फ्राय लुइस दे लेओन ह्यांनी ते सालामांकास छापून काढले.