लॅन्सडाउन : एका छावणीतले दोन वारसे

दिल्लीहून साधारण अडीचशे किलोमीटरवर, गढवालच्या पहिल्याच उंच डोंगररांगेवर लॅन्सडाउन वसलं आहे. उंची जेमतेम १७०० मीटर. मसुरी किंवा नैनितालसारखी गर्दी इथे नाही, कारण गाव मुळात लष्करी छावणी आहे आणि वाटेल तिथे वाटेल तेवढे मजले चढवता येत नाहीत. बांज, देवदार आणि बुरांशची झाडी, चालायला शांत रस्ते, टिप-इन-टॉपवरून हवा स्वच्छ असली तर बर्फाची शिखरं आणि मुलांसाठी भुल्ला ताल. या छोट्या तळ्यात होडी फिरवायची आणि काठावर बदकं बघायची. लहान मुलं आणि वयस्कर आई-वडील दोघांनाही झेपेल असं ठिकाण आहे.

'भुल्ला' म्हणजे गढवालीत धाकटा भाऊ. फौजेत गढवाली जवानालाही प्रेमानं भुल्लाच म्हणतात. त्यामुळे तळ्याचं नाव ऐकलं की गाव कोणाचं आहे ते कळतं.

गावाचं जुनं नाव कालौंडांडा, म्हणजे काळा डोंगर. १८८७ सालापर्यंत गढवाली तरुण गोरखा पलटणींत भरती होत. त्या वर्षी मे महिन्यात अल्मोड्याला त्यांची वेगळी पलटण उभी राहिली आणि नोव्हेंबरमध्ये ती या जंगलात येऊन स्थिरावली. १८९० साली तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांचं नाव डोंगराला मिळालं. तेव्हापासून हे गढवाल रायफल्सचं घर आहे. 'बद्री विशाल लाल की जय' ही युद्धघोषणा इथल्या परेड ग्राउंडवर रिक्रूटच्या तोंडी बसते.

परेड ग्राउंडजवळचं युद्धस्मारक १९२३ सालचं. पहिल्या महायुद्धात दोन्ही गढवाली पलटणी फ्रान्सला गेल्या. डोंगरातली ही पोरं फ्लँडर्सच्या चिखलात, खंदकात उभी राहिली. २३-२४ नोव्हेंबर १९१४ च्या रात्री फेस्टुबर्टजवळ शत्रूनं घेतलेले खंदक परत मिळवायचे होते. नाईक दरवान सिंग नेगी डोक्याला दोनदा आणि हाताला एकदा जखम होऊनही खंदकाच्या प्रत्येक वळणावर पुढे राहिले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे मार्च १९१५ मध्ये नव्ह शापेलला रायफलमन गबर सिंग नेगी यांना तोच सन्मान मरणोत्तर मिळाला. वय अवघं १९. टिहरीतल्या चंबा इथे त्यांच्या नावानं दर वर्षी एप्रिलमध्ये मेळा भरतो. या कामगिरीबद्दल १९२१ साली रेजिमेंटला 'रॉयल' हा किताब आणि उजव्या खांद्यावर लाल दोरी मिळाली. किताब गेला, दोरी आजही आहे. छावणीतल्या संग्रहालयाला दरवान सिंगांचं नाव आहे. मुलांना तिथे जरूर न्या.

आता याच रेजिमेंटची दुसरी गोष्ट. पौडी गढवालचे चंद्रसिंग १९१४ साली लॅन्सडाउनलाच भरती झाले. फ्रान्स आणि मेसोपोटेमिया दोन्ही आघाड्या त्यांनी पाहिल्या. एप्रिल १९३० मध्ये त्यांची पलटण, २/१८ रॉयल गढवाल रायफल्स, पेशावरला होती. मिठाचा सत्याग्रह सुरू झाला होता. २३ तारखेला खान अब्दुल गफार खान यांना अटक झाली आणि शहर रस्त्यावर आलं. किस्साख्वानी बाजारात चिलखती गाड्या घुसल्या, गोळीबारात कित्येक निःशस्त्र माणसं मेली. हवालदार मेजर चंद्रसिंग आणि त्यांच्या साथीदारांनी या माणसांवर हत्यार चालवायला नकार दिला. समोरचे पठाण मुसलमान, हे पहाडी हिंदू. 'फोडा आणि राज्य करा' हा साहेबाचा हिशेब त्या दिवशी चुकला.

कोर्ट मार्शल झालं. बॅरिस्टर मुकंदीलाल यांनी बचाव केला. चंद्रसिंगांना जन्मठेप आणि इतर अनेकांना वेगवेगळ्या मुदतीच्या शिक्षा झाल्या. चंद्रसिंग १९४१ मध्ये सुटले. राहुल सांकृत्यायन यांनी त्यांचं चरित्र लिहिलं, १९९४ साली त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं. त्याच १९३० साली चंद्रशेखर आझाद लॅन्सडाउनच्या पायथ्याशी, दुगड्ड्याच्या जंगलात पिस्तुलाचा सराव करत होते. कोटद्वारहून वर येताना तुम्ही त्याच दुगड्ड्यातून जाता.

गणवेशातल्या माणसाला ही दुसरी गोष्ट सोपी नाही. हुकूम पाळणं हा आमचा श्वास आहे. हुकूम आवडला तर पाळू, असं म्हणणारी पलटण ही पलटण नसते, ती टोळी असते. महात्मा गांधींनीही याच मुद्द्यावर या सैनिकांचं समर्थन केलं नव्हतं. शपथ घेतलेल्या शिपायाला आज्ञाभंग शिकवला तर उद्या आपल्या सरकारातही तो तेच करेल, असं त्यांनी एका फ्रेंच पत्रकाराला सांगितलं. हा युक्तिवाद कठोर आहे, पण फौजी म्हणून तो मला हसण्यावारी नेता येत नाही.

तरीही मी चंद्रसिंगांच्या बाजूनं उभा राहतो, आणि कारण भावनेत नाही, कायद्यात आहे. आपल्या १९५० च्या आर्मी ॲक्टचं कलम ४१ आज्ञाभंगाबद्दल आहे. त्यात गुन्हा ठरतो तो 'कायदेशीर' आज्ञा मोडण्याचा. तो एक शब्द फार मोठा आहे. नागरी प्रशासनाच्या मदतीला जाताना कमीत कमी बळ वापरायचं, हे आज प्रत्येक अधिकाऱ्याला शिकवलं जातं. चंद्रसिंगांचा शपथेचा करार परक्या राजाशी होता, आमचा संविधानाशी आहे. त्यांच्यापुढे आज्ञा आणि न्याय यांच्यात निवड करायची वेळ आली. आमच्यावर ती वेळ येऊ नये अशीच स्वतंत्र देशाच्या फौजेची रचना आहे. म्हणून त्यांचा नकार हा आमच्यासाठी आज्ञाभंगाचा परवाना नाही. तो हुकूम देणाऱ्यासाठी इशारा आहे : जवानाला कधीच त्या जागी उभं करू नकोस. हा धडा शिपायापेक्षा माझ्यासारख्या अधिकाऱ्यांनी जास्त घ्यायचा आहे.

आणि एक लक्षात ठेवा, दरवान सिंग आणि चंद्रसिंग एकाच मातीचे, एकाच रेजिमेंटचे. एकानं गोळ्यांसमोर पाऊल पुढे टाकलं. दुसऱ्यानं फाशीही होऊ शकते हे माहीत असताना बोट घोड्यावरून काढलं. दोघांनाही किंमत ठाऊक होती.

सुट्टीत लॅन्सडाउनला जाल तेव्हा एक संध्याकाळ तळ्यासाठी ठेवा आणि एक सकाळ संग्रहालयासाठी. छावणीत फोटो काढण्याआधी विचारा, परेड ग्राउंडवर परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. मुलांना व्हिक्टोरिया क्रॉसची गोष्ट तिथे ऐकायला मिळेलच. पेशावरची गोष्ट उतरताना दुगड्ड्याच्या वळणावर तुम्ही सांगा.