गोळी, पेला आणि झोप : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

मराठीत व्यसनांवर जे लिहिले गेले, ते मुख्यतः दारू, तंबाखू आणि गर्द यांवर. अनिल अवचट यांनी गर्दवर लिहिले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे राहिले. लेखनातून संस्था उभी राहते याचा मराठी वाचकाला अभिमान वाटतो, आणि तो रास्त आहे. झोपेच्या गोळ्यांना असा लेखक भेटल्याचे माझ्या वाचनात नाही. ही गोळी गुत्त्यातून येत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मेडिकलच्या कागदी पुडीतून येते आणि बीपीच्या गोळ्यांशेजारी घरच्या डब्यात जाऊन बसते. तिला व्यसन म्हणायला घरात कोणाचीच जीभ रेटत नाही.

हा विषय सोलापुरातून पाहायला सुरुवात करावी, असे मी सुचवीन. हे कष्टकऱ्यांचे शहर आहे. गिरण्यांचे भोंगे थांबले, तरी यंत्रमागाच्या पाळ्या राहिल्या. चादरी-टॉवेलांचा खडखडाट राहिला. दिवसभर मान घालून विड्या वळणाऱ्या बायकांची पाठदुखी राहिली. त्यात एप्रिल-मेमधल्या पत्र्याखालच्या रात्री. इथे झोप न येणे हा श्रीमंतांचा आजार नव्हे, याची खूणगाठ वाचकांनी आधीच बांधावी. गोळी मागणारा माणूस नशा मागत नसतो. उद्याच्या पाळीला उभे राहण्यापुरती झोप मागत असतो.

सोलापूर निवडण्याचे दुसरे कारण अधिक बोचरे आहे. इथे झोपेचे औषध केवळ स्ट्रिपमधून पोटात जात नाही, ताडीच्या पेल्यातूनही जाते. तेलंगणातून येऊन इथल्या मागांवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या तेलुगुभाषक समाजाच्या खाण्यापिण्यात ताडीला जागा आहे, आणि त्यात वावगे काही नाही. पण झाडाची ताडी हंगामी, मोजकी आणि काही तासांत आंबणारी. मागणी पुरवण्यासाठी पाण्यात रसायन कालवून ‘ताडी’ तयार करण्याचा धंदा त्यातूनच वाढला. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या छाप्यांमध्ये वारंवार सापडणारे हे रसायन म्हणजे क्लोरल हायड्रेट. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लिबिग यांनी ते १८३२ साली तयार केले आणि १८६९ साली बर्लिनच्या लीब्राइश यांनी त्याचा झोपेसाठी उपयोग दाखवला. पुढे १९०३ साली बार्बिटाल आले, १९६० साली क्लोरडायझेपॉक्साइड, १९६३ साली डायझेपाम. दवाखान्याने क्लोरल जवळपास अडगळीत टाकले. ते आपल्या पेल्यात शिल्लक राहिले. शहरातली ‘नशेची गोळी’, मालेगावची ‘कुत्ता गोळी’ म्हणून बदनाम झालेले अल्प्राझोलाम आणि आजीच्या डब्यातली अर्धी गोळी या एकाच घराण्यातल्या किंवा शेजारच्या घराण्यांतल्या वस्तू आहेत. समाज त्यांना वेगवेगळ्या नजरेने पाहतो. मेंदू पाहत नाही.

मेंदूत ‘गाबा’ नावाचे एक द्रव्य असते. ते चेतापेशींची धावपळ आवरते. गाडीच्या ब्रेकसारखे म्हणा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधे तो ब्रेक अधिक जोराने दाबतात. काही आठवडे रोज दाबला, की मेंदू त्याची सवय करून घेतो: तेवढ्याच गोळीने झोप येईनाशी होते आणि गोळी काढून घेतली तर पूर्वीपेक्षा जास्त जागरण, धडधड, घाम, भीती सुरू होते. बराच काळ घेतलेली गोळी एकाएकी तोडल्यास फिट्स येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. तेलंगणात भेसळीच्या ताडीवर कारवाई झाली आणि पुरवठा अचानक आटला, तेव्हा तिथल्या रुग्णालयांत अशाच रुग्णांची रीघ लागली होती. या अभ्यासाचा गाभा मला इथे दिसतो. गोळी सुरू करायला डॉक्टर लागतो हे सगळ्यांना पटते. बंद करायलाही लागतो, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. न्यूकासलच्या प्रा. हेदर ॲश्टन यांनी १९८२ पासून बारा वर्षे केवळ या गोळ्या सोडवण्याचा दवाखाना चालवला. त्यांची रीत साधी होती: मात्रा अगदी थोडी थोडी उतरवायची आणि वेग रुग्णाच्या सोसण्यावर ठरवायचा. त्याला महिने लागतात. घरच्यांनी हट्टाने स्ट्रिप कचऱ्यात फेकणे हे प्रेम असेल, उपचार नव्हे.

धोक्यांचे दोन प्रसंग वेगळे लक्षात ठेवावेत. एक, गोळी आणि दारू (किंवा भेसळीची ताडी) एकत्र. दोन्ही श्वास मंदावतात, आणि एकेकटी सोसणारा माणूस दोन्ही मिळून सोसेलच असे नाही. दुसरा, म्हातारपण. वयानुसार औषध शरीरातून हळू निघते, म्हणून रात्रीची गोळी सकाळीही डोक्यात रेंगाळते; पहाटे बाथरूमला उठलेली आजी तोल जाऊन पडते आणि खुब्याचे हाड मोडते. विसराळूपणाही वाढतो, आणि तो वयाच्या खात्यावर टाकला जातो.

कायदा आंधळा नाही. मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधे ‘एच-वन’ यादीत आहेत. दुकानदाराने चिठ्ठी पाहावी, डॉक्टरांचे आणि रुग्णाचे नाव नोंदवहीत लिहावे, ती वही तीन वर्षे ठेवावी, असा नियम आहे. जुन्या, मऊ पडलेल्या चिठ्ठीवर ‘नेहमीचेच आहे’ म्हणत मिळणारी स्ट्रिप या नियमात बसत नाही. ओळखीचा मेडिकलवाला ही इथे सोय नसून जोखीम आहे.

तुम्ही या विषयात नवखे असाल, तर रसायनांच्या नावांपासून सुरुवात करू नका. आधी घरातला औषधांचा डबा पाहा: कोणती गोळी, कोणी लिहिली, कधीपासून, आणि मूळ सल्ला किती दिवसांचा होता? बहुतेक वेळा तो दोन ते चार आठवड्यांचाच असतो. मग निद्रानाशावरच्या गोळीविना उपचारांबद्दल वाचा. दीर्घ निद्रानाशासाठी विचार-वर्तन उपचार आधी करून पाहावेत, असे ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली सांगितले. उठण्याची वेळ पक्की ठेवणे, झोप नसताना अंथरुणात न लोळणे अशा गोष्टी त्यात येतात. रात्रपाळीच्या माणसाला हे जसेच्या तसे लागू पडत नाही, हेही खरे; आपल्याकडच्या अभ्यासकांना इथे काम करायला भरपूर जागा आहे.

मदतीसाठी सोलापूरकरांना फार लांब जावे लागत नाही. १९६३ साली सुरू झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपले ‘सिव्हिल’, हे पहिले ठिकाण. तिथे मनोविकारतज्ज्ञांची ओपीडी विचारावी. फोनवरून बोलायचे असेल तर टेलि-मानस, १४४१६: ऑक्टोबर २०२२ पासून चालू, विनामूल्य, रात्रंदिवस आणि मराठीतही. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची वेगळी मदतवाहिनी आहे, १४४४६. कोणी जास्त गोळ्या घेतल्याचा संशय आला, तर १०८ ला फोन करावा, माणसाला कुशीवर ठेवावे, मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये आणि रिकामी स्ट्रिप सोबत न्यावी. पोलिसांच्या भीतीने उशीर करू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याचे कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या माणसाला तीव्र तणावाखालचा मानते आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. आणि १४४१६ वर फोन करायला रुग्णच असावे लागत नाही. आईच्या गोळीबद्दल मुलगी विचारू शकते, नवऱ्याच्या पेल्याबद्दल बायको.