पाणीटंचाई आणि कुटुंबकल्याण (कडोली परिसर)

बेळगाव तालुक्यातील कडोली हे भाजीपाला पिकवणारे, मराठी साहित्य संमेलन भरवणारे गाव. या भागातून मार्कंडेय नदी वाहते. तिच्यावरील राकसकोप जलाशय बेळगाव शहराला पाणी पुरवतो. 2023 साली मान्सून रखडला, जूनमध्ये जलाशय तळाला गेला आणि पुढे कर्नाटकाने 236 पैकी 223 तालुके दुष्काळग्रस्त ठरवले. त्याआधी 2019 च्या ऑगस्टमध्ये हाच जिल्हा महापुरात बुडाला होता. पाऊस असा लहरी झाला की विहिरीचा भरवसा उरत नाही.

टंचाईची पहिली झळ बाईला. पंधरा लिटरच्या दोन घागरी म्हणजे तीस किलोंचे ओझे. अशा खेपा घालताना मजुरीचा दिवस बुडतो, मुलीची शाळा चुकते. मग पाणी पुरत नाही म्हणून दुभते जनावर विकले जाते. घरोघरी नळाचे पाणी देण्याची जलजीवन मिशन योजना (2019) माणशी रोज 55 लिटर धरते, पण दुभती म्हैस एकटीच साठाच्या आसपास पिते. तिचे पाणी या हिशेबात नाही, ही योजनेतली मोठी उणीव आहे. कारण अल्पभूधारकाच्या घरी रोजचा पैसा बराचसा दुधातून येतो. विहीर आटली की कूपनलिकेसाठी कर्ज काढावे लागते, आणि पाणी लागले नाही तरी हप्ता चुकत नाही.